विघ्याचा भाव विचारण्याआधी

सुरतेतल्या मराठी माणसाला आता जमीन हवी आहे. लिंबायत, उधना, पांडेसरा, डिंडोली, गोडादरा या भागांत दोन-तीन पिढ्या दहा बाय बाराच्या खोल्यांत गेल्या. कोणी लूमवर रात्रपाळ्या केल्या, कोणी कापड मार्केटात गाठी उचलल्या आणि पुढे त्याच मार्केटात गाळा घेतला. ज्यांच्या हाती चार पैसे उरले, ते आता रविवारी गाडी काढून धुळे रस्त्याला लागतात. पलसाणा, बारडोली, व्यारा, नाहीतर मांडवीकडे वळतात. कौलारू घर, भोवती दोन-चार विघे, पाच-सात आंबे आणि एक विहीर, एवढीच त्यांची मागणी असते. ही इच्छा मला मनापासून आवडते. ताप्ती लाइनच्या गाडीत बसून शिंदखेडा, अमळनेर, दोंडाईचा सोडून आलेल्या माणसांच्या नातवंडांना पुन्हा मातीची ओढ लागावी, ही चांगलीच गोष्ट आहे.

माझी तक्रार एवढीच, की ही माणसं जमीन बघायला जातात आणि जमीनच बघून परत येतात. विघ्याला भाव काय, रिंगरोडपासून किती किलोमीटर, फाट्यापासून डांबर आहे का, बोअरला पाणी किती फुटांवर लागलं. दलालाला या प्रश्नांची उत्तरं तोंडपाठ असतात. वरच्या अंगाला कोणाचं शेत आहे, तो काय पिकवतो, त्याचं पाणी कुठे उतरतं, रात्री वस्तीत कोण असतं, पलीकडच्या पडीक तुकड्यावर कोणाचा डोळा आहे, हे कोणी विचारत नाही. घर पाडून नवं बांधता येतं, विहीर खोल करता येते, माती शेणखताने सुधारते. भोवतालचं गाव मात्र खरेदीखत झाल्यावर बदलता येत नाही. म्हणून माझं ठाम मत आहे की आधी गाव निवडावं आणि मग त्या गावात जे मिळेल ते घ्यावं. जमीन आवडली म्हणून तिच्यामागून येईल ते गाव पत्करू नये.

महापालिकेच्या मराठी शाळेत शिकवण्यात माझी हयात गेली. जुने विद्यार्थी अजून ‘बाई’ म्हणतात, आणि निवृत्तीनंतर आम्ही मढीच्या अलीकडे एका गावात घर घेतलं हे कळल्यापासून सातबाऱ्याच्या नकला घेऊन माझ्याकडे येतात. माझे सासरे निझर तालुक्यातले खातेदार, त्यामुळे गुजरातेत शेतजमीन घेण्याचा आमचा मार्ग मोकळा होता. बहुतेकांचा तसा नसतो, त्याबद्दल पुढे लिहिते. आमचं घर गावठाणाच्या कडेला आहे, इथले लोक त्याला गामतळ म्हणतात. घराला लागून जेमतेम अडीच विघे जमीन आहे. विघा म्हणजे किती, हेही आधी विचारून घ्यावं. दक्षिण गुजरातेत तो साधारण साडेतेवीस गुंठ्यांचा धरतात, सौराष्ट्रात सोळा गुंठ्यांचा. सुरतेत दोन्हीकडचे लोक जमिनीच्या धंद्यात आहेत. तेव्हा बोलणी चौरस मीटरमध्ये करावी.

शोधाशोध करताना आम्ही आधी ओलपाडकडे गेलो होतो. शहराला जवळ, जमीन सपाट, भाताची खाचरं डोळ्यांत भरणारी. तिथल्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने आमचं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, “बेन, उनाळामां आवजो, पछी वात करीशुं.” उन्हाळ्यात गेलो तेव्हा त्याने आम्हाला शेताच्या खालच्या टोकाला नेलं. मातीवर पांढरी मीठफुटी आली होती. कडेला लव्हाळा आणि पाणकणीस माजलं होतं. स्वतःची जमीन विकायला काढलेला माणूस ती कुठे खराब आहे हे दाखवतो, असं मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

त्याने जे दाखवलं त्यामागे या जिल्ह्याच्या शेतीचा सगळा इतिहास आहे. १९५० च्या दशकात तापीवर काकरापारचा बंधारा झाला, १९७२ मध्ये उकाई धरण पुरं झालं. उजवा कालवा ओलपाडच्या दिशेने गेला, डावा बारडोली-पलसाण्याकडून नवसारीकडे. कोरडवाहू ज्वारी-कापसाच्या जागी ऊस आणि भात आला, सहकारी साखर कारखाने उभे राहिले. पण बारमाही ओलीत झालं आणि निचऱ्याची सोय मागे राहिली. त्यामुळे लाभक्षेत्राच्या बऱ्याच भागात जमिनीखालचं पाणी वर चढलं, क्षार वर आले. समुद्राकडच्या पट्ट्यात खाऱ्या पाण्याचा त्रास वेगळाच. नवसारी कृषी विद्यापीठाने जमिनीखाली निचऱ्याच्या नळ्या घालण्याचे प्रयोग याच भागात केले, ते उगाच नव्हे.

शहरातल्या माणसाला कालव्याला लागून असलेली जमीन सगळ्यात चांगली वाटते आणि तो तिला जास्त भाव देतो. मी म्हणते, त्या कालव्याजवळच्या जुन्या घरांच्या भिंती बघा. जोत्यापासून हातभर उंचीपर्यंत ओल चढलेली आहे का? गिलावा फुगून सुटलाय का? काळ्या मातीवरचं घर असेल तर खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी भेग गेली आहे का? ही माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते, पाया उथळ असेल तर भिंत तडकतेच. विकायला काढलेल्या घराला रंग दिलेला असतो. शेजारच्या घराला तो दिलेला नसतो, म्हणून आधी शेजारचं घर बघायचं.

मग पाण्याची पाळी. चारीच्या तोंडाशी असलेल्याला पाणी आधी मिळतं, शेवटच्या शेताला उरलंसुरलं. गावात पियत मंडळी, म्हणजे पाणीवापर संस्था, असेल तर तिच्या बैठका होतात का, पाळीवरून भांडणं कोणाकोणात आहेत, हे चहाच्या टपरीवर अर्धा तास बसलं की कळतं. आम्ही निवडलेल्या गावात चारीच्या शेवटच्या शेतकऱ्याला भेटलो. तो म्हणाला, पाणी उशिरा येतं पण येतं, वरचे लोक रात्री फळी काढत नाहीत. माझ्या दृष्टीने गावाबद्दलची ती सगळ्यात मोठी साक्ष होती. चारीच्या तोंडाशी बसलेला कोणीही हे सांगू शकला नसता.

पावसाळ्यात न बघता जमीन घेणाऱ्यांना मी हात जोडून सांगते, असं करू नका. सुरतेच्या माणसाला पाण्याबद्दल सांगायला लागू नये. ऑगस्ट २००६ मध्ये उकाईतून नऊ लाख क्युसेकच्या आसपास पाणी सुटलं आणि शहराचा बहुतेक भाग बुडाला. लिंबायतच्या लोकांना तापीइतकीच मीठी खाडीची भीती असते. पण या खाड्यांचं पाणी येतं कुठून? कामरेज, पलसाणा, बारडोलीच्या शिवारांतूनच. ज्या ओढ्याला जानेवारीत घोटाभर पाणी नसतं, तो जुलैत शेताचा बांध कुठे फोडतो हे तिथल्या गुराख्याला ठाऊक असतं. आमच्या ओळखीच्या एका कुटुंबाने पलसाणा तालुक्यात थंडीच्या दिवसांत जागा घेतली. पहिल्याच पावसाळ्यात पाच दिवस त्यांना फाट्यावरून घरापर्यंत जाता आलं नाही, कारण मधला मोरीपूल पाण्याखाली होता. तो पूल दर वर्षी जातो, हे गावातल्या प्रत्येक पोराला माहीत होतं.

याच पलसाणा-कडोदरा पट्ट्यात दुसरी गोष्ट बघायची ती गिरण्यांची. डाइंग-प्रिंटिंगच्या गिरण्या, त्यांचे बॉयलर, त्यांच्या चिमण्या. पावसाळ्यात वारा नैर्ऋत्येकडून असतो आणि थंडीत बरेचदा उत्तर-ईशान्येकडून. म्हणजे घराच्या ईशान्येला दोन किलोमीटरवर चिमणी असेल, तर जुलैत तुम्हाला काहीच वाटणार नाही आणि डिसेंबरच्या सकाळी वाळत घातलेल्या धोतरावर काजळी बसेल. सांडपाण्याचं याहून गंभीर आहे. ६ जानेवारी २०२२ च्या पहाटे सचिनच्या औद्योगिक वसाहतीत टँकरमधून नाल्यात रसायन सोडलं गेलं. त्यातून उठलेल्या वायूने सहा कामगारांचा जीव गेला. त्या नाल्याच्या, त्या खाडीच्या खालच्या अंगाला कोणाची विहीर आहे, हा प्रश्न मला तेव्हापासून सोडत नाही. औद्योगिक वसाहतीतून निघणाऱ्या कुठल्याही ओहोळाच्या खालच्या बाजूला कितीही स्वस्त जमीन मिळाली तरी घेऊ नये. तिथली बोअर कितीही गोड लागली तरी घेऊ नये. इतरत्रही चांगल्या प्रयोगशाळेत पाणी तपासून घ्यावं, शेजारच्या दोन विहिरींचंही.

नवापूरकडे जाणाऱ्यांना मी कोंबड्यांच्या शेडची आठवण करून देते. नवापूर आपलं, स्टेशनाचा अर्धा भाग महाराष्ट्रात आणि अर्धा गुजरातेत, उधन्याहून गाडीत बसलं की उतरायचं. जमीन स्वस्त, भाषा ओळखीची. पण तिथे कुक्कुटपालन मोठं आहे. फेब्रुवारी २००६ मध्ये भारतातला बर्ड फ्लूचा पहिला उद्रेक तिथेच झाला. लाखोंच्या संख्येने पक्षी मारून पुरावे लागले, झळ शेजारच्या उच्छलपर्यंत पोहोचली. शेजाऱ्याचा धंदा हा तुमच्याही आयुष्याचा भाग होतो. त्या शेडवाल्याला दोष देण्याचं कारण नाही, तो तिथे आधीपासून आहे. माशा आणि वास सोसणार नसेल, तर आपण दुसरीकडे बघावं.

ऊसपट्ट्यात घर घेणाऱ्याने बिबट्याही शेजारी धरावा. बारडोली, मांडवी, महुवा, मांगरोळ या तालुक्यांत उसाच्या फडात बिबटे राहतात, वाढतात, पिल्लं घालतात. वनखात्याचे पिंजरे लागलेले आमच्या गावातही दिसतात. गावातले लोक संध्याकाळनंतर लहान पोरांना फडाच्या कडेला सोडत नाहीत, कुत्री ओट्यावर बांधत नाहीत, ऊस तोडणीला आला की आणखी सावध होतात. हे शिकायला वेळ लागत नाही, पण शिकवणारं कोणी शेजारी असावं लागतं. आणि इथेच माझा मुख्य मुद्दा येतो.

सध्या सुरतेच्या भोवती फार्महाऊसच्या योजना निघतात. मोठं फाटक, उंच कुंपण, आत लाल मातीचे रस्ते, क्लबहाऊस, तरणतलाव. विकणारा सांगतो, आत सगळे आपल्यासारखेच लोक आहेत. मला तिथे जाऊन आलेल्यांनी सांगितलेलं असं, की सोमवार ते शुक्रवार आत पहारेकऱ्याखेरीज कोणी नसतं. अशा जागी रात्री छातीत दुखलं तर हाक कोणाला मारायची? साप निघाला तर? ट्रान्सफॉर्मर गेला तर वीज मंडळाकडे कोण जाणार? आमच्याकडे ट्रान्सफॉर्मर जळतो तेव्हा अर्धं गाव सबस्टेशनवर जातं, आणि दोन दिवसांत नवा बसतो, कारण सगळ्यांचे पंप त्याच्यावर असतात. शनिवार-रविवारच्या मालकांचं तेवढं वजन कधी पडत नाही. शिवाय यांतल्या पुष्कळ योजनांत जमीन शेतीचीच राहिलेली असते, बिनखेती झालेली नसते. तिचे लहान तुकडे कायद्याने पाडता येत नाहीत म्हणून अविभाजित हिस्सा लिहून देतात, साठेखतावर, नोटरीपुढे. जन्मभराची पुंजी त्यात घालणारे माझे विद्यार्थी आहेत. मला झोप येत नाही त्यांचे कागद बघून.

गावठाणाच्या कडेचं जुनं घर याच्या उलट. त्याला गेट नसतं, तरणतलाव नसतो, कौलं दर वर्षी शाकारावी लागतात. पण हाकेच्या अंतरावर चाळीस वर्षं तिथेच राहिलेली बाई असते, आणि तिला कुठल्या विहिरीचं पाणी वैशाखात आटतं ते माहीत असतं.

कागदांबद्दल थोडक्यात. गुजरातेत शेतकरी नसलेल्याला जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही. कूळकायद्याचं कलम ६३. गंमत म्हणावी की दुर्दैव, महाराष्ट्रातही हाच कायदा आणि हेच कलम, कारण दोन्ही राज्यांकडे १९४८ चा तो कायदा जुन्या मुंबई राज्याकडून आला. पण तेवढ्यावरून आपला धुळ्या-जळगावचा सातबारा दाखवून इथे काम भागेल असं कोणी सांगितलं, तर त्याच्यावर विसंबू नका, महसुलाचं काम करणाऱ्या वकिलाकडून लेखी मत घ्या. नमुना ६ मधल्या फेरफार नोंदी तीस-चाळीस वर्षं मागे वाचा. ‘नवी शरत’ असा शेरा असेल तर त्या जमिनीसाठी परवानगी आणि सरकारी रक्कम लागते का, हे आधी तपासा. आणि एक गोष्ट वकीलही सहसा सांगत नाहीत: स्वतःच्या सर्व्हे नंबराइतकेच चारही बाजूंच्या नंबरांचे उतारे काढा. ऑनलाइन मिळतात. शेजारच्या नंबरावर कंपनीचं नाव लागलेलं आहे का, कोर्टाचा दावा आहे का, बिनखेतीची नोंद आहे का, रस्ता ज्याच्या बांधावरून येतो त्याने तो कधी लिहून दिला आहे का. अर्ध्या तासाचं काम आहे. त्यातून दहा वर्षांनी तिथे काय असेल याचा अंदाज येतो.

शहर कुठवर येणार, हेही त्यातच मोडतं. २००६ मध्ये सुरत महापालिकेची हद्द ११२ चौरस किलोमीटरवरून ३२६ वर गेली, २०२० मध्ये आणखी सत्तावीस ग्रामपंचायती आणि दोन नगरपालिका घेऊन ४६१ वर. आता अंत्रोलीला बुलेट ट्रेनचं स्टेशन, शेजारून दिल्ली-मुंबई द्रुतगती मार्ग. या रेषांच्या आसपास जे आज शिवार दिसतं ते उद्या टीपी स्कीममध्ये, म्हणजे नगररचना योजनेत, जाणार. १९७६ च्या नगररचना कायद्याखाली स्कीम लागली की रस्ते, बागा, शाळा यांसाठी साधारण चाळीस टक्क्यांपर्यंत जमीन कापली जाते आणि उरलेली अंतिम खंड म्हणून मिळते, कधी कधी मूळ जागेपासून सरकलेली. गुंतवणूकदाराला यात फायदा असतो. ज्याला आंब्याखाली म्हातारपण काढायचं आहे त्याच्या आंब्यावरून रस्ता जातो. म्हणून सुडाच्या, म्हणजे सुरत नागरी विकास प्राधिकरणाच्या, विकास आराखड्यात गाव कुठे पडतं ते बघितल्याशिवाय बयाणा देऊ नये. आम्ही बारडोलीच्याही पुढे गेलो ते याच कारणाने.

आता मांडवी, सोनगड, व्यारा, उच्छल, निझर. जमीन सुंदर, टेकड्या, साग, उकाईच्या जलाशयाची निळाई. आणि भाव कमी. भाव कमी का, हे विचारायला हवं. हा अनुसूचित क्षेत्राचा पट्टा आहे. गुजरातच्या जमीन महसूल कायद्याच्या कलम ७३ एए खाली आदिवासीची जमीन बिगरआदिवासीला परवानगीशिवाय घेता येत नाही. महाराष्ट्रात नंदुरबारकडे गेलात तर तिथल्या जमीन महसूल संहितेची कलम ३६ आणि ३६ अ आहेतच. तरीही लोक मला येऊन सांगतात, बाई, तिथल्याच एका माणसाच्या नावावर घ्यायची, आपण वर्षाला त्याला थोडे पैसे द्यायचे, घर आपण बांधायचं. मी त्यांना स्पष्ट सांगते की हे पाप आहे. माझं सासर त्या भागातलं. उकाईच्या पाण्यात शंभराहून जास्त गावं गेली, सुपीक काठ गेला. ज्यांनी जमीन गमावली त्यांच्यातली कितीतरी माणसं पुढे त्याच धरणाच्या पाण्यावर वाढलेला ऊस तोडायला बारडोलीत आली. त्यांच्याकडे उरलेला टेकडीवरचा तुकडाही आपण कागदाच्या आडून घ्यायचा आणि तिथे हिरवळ लावून बसायचं, हे माणुसकीला धरून नाही. आणि असं घर बांधून तुम्ही ज्या गावात राहाल, त्या गावातल्या प्रत्येकाला ते कसं मिळवलं हे ठाऊक असेल.

ऊसतोडीवरून गाव ओळखण्याची माझी स्वतःची एक कसोटी आहे. पावसाळा संपला की कोयता घेतलेल्या टोळ्या येतात. डांग, नंदुरबार, धुळ्याकडची माणसं. गावाबाहेर त्यांचे पडाव पडतात, बांबू आणि प्लास्टिकच्या झोपड्यांचे. उन्हाळ्यापर्यंत ती माणसं तिथेच राहतात, लेकराबाळांसकट. बाहेरून येणाऱ्या, काही महिन्यांनी जाणाऱ्या, गावाला कधी मत न देणाऱ्या माणसांशी एखादं गाव कसं वागतं, हे बघायला याहून चांगली जागा नाही. आम्ही बघितलेल्या एका गावात देवळासमोरचा नळ वाहत होता आणि पडावातल्या बाया डोक्यावर हंडे घेऊन कालव्यावर चालल्या होत्या. घर फार छान होतं. पुढे पडवी, मागे नारळ, भावही आटोक्यात. मी यांना म्हटलं, चला, इथे नको.

आम्ही निवडलेल्या गावात एका पाटीदाराने पडावासाठी विहिरीवरून नळी काढून दिली होती. सगळं गाव तसं आहे असं मी म्हणणार नाही. हळपती वस्ती इथेही गावाच्या एका टोकालाच आहे. बारडोलीचा १९२८ चा सत्याग्रह जगाला माहीत आहे, पण त्याच शेतांवर पिढ्यान्‌पिढ्या हाळी म्हणून बांधील राहिलेल्या या लोकांची आठवण कमी निघते. तरी आमच्या गल्लीत हळपतींच्या मुली शिकायला येऊन ओट्यावर बसतात आणि कोणी नाक मुरडत नाही. पहिल्या हिवाळ्यात मी पडावावर गेले. “कोन गावना शेतस?” असं विचारल्याबरोबर चुलीपुढच्या बायकांनी मान वर केली. त्यातली एक माझ्या माहेराशेजारच्या गावची निघाली. तेव्हापासून हंगामभर त्यांची पाच-दहा मुलं दुपारी माझ्याकडे पाटी घेऊन येतात.

शेजार निवडायचा म्हणजे आपणही कोणाचा तरी शेजार होणार, हेही धरून चालायला हवं. शहरातून गेलेला माणूस पहिल्या आठवड्यात तारेचं कुंपण घालतो आणि त्यात पिढ्यांची बैलगाडीची वाट बंद होते. तिथूनच भांडण सुरू होतं, मग तो म्हणतो गावातले लोक वाईट आहेत. शेजाऱ्यांच्या विहिरी आटेपर्यंत खोल बोअर मारू नये. मोजणी करताना चारही शेजाऱ्यांना बोलवावं, त्यांच्यासमोर खुणा रोवाव्यात. लग्नकार्याला, मर्तिकाला जावं. रोजगाराला गावातलेच लोक लावावेत आणि त्यांची मजुरी त्याच दिवशी द्यावी. हे आपल्या खानदेशातल्या आजी-आजोबांना सांगावं लागत नव्हतं.

सरकारकडे माझी एक मागणी आहे आणि ती अवघड नाही. जमिनीचे उतारे आता घरबसल्या मिळतात, हे फार चांगलं काम झालं. त्याच्याच जोडीला प्रत्येक गावच्या तलाटी कार्यालयाच्या भिंतीवर गुजरातीत, आणि जिथे गरज आहे तिथे मराठीतही, एक मोठा नकाशा लावावा. पुराचं पाणी २००६ मध्ये आणि त्यानंतर कुठवर आलं, पाणथळ आणि क्षारपड जमीन कोणती, कारखान्यांचं सांडपाणी कोणत्या ओहोळातून जातं, विकास आराखड्यातले रस्ते कुठून जाणार, कुठली जमीन ७३ एए खाली येते. ही माहिती पाटबंधारे खात्याकडे, प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे, सुडाकडे, मामलतदाराकडे वेगवेगळी पडून आहे. खरेदीखताच्या वेळी मुद्रांक शुल्क मोजून घेणाऱ्या शासनाने हा नकाशा खरेदीदाराला दाखवला, आणि त्याने तो पाहिला अशी सही दस्तावर घेतली, तर डिंडोलीतल्या कितीतरी घरांची पुंजी बुडणार नाही आणि मांडवी-सोनगडच्या टेकड्यांवरच्या कितीतरी घरांची जमीनही वाचेल.